यंत्रांचा शेजारधर्म

शेजारधर्म हा शब्द आपण माणसांपुरताच राखून ठेवला आहे. पलीकडच्या घरीं कोणी आजारी असेल तर आपण मोठ्यानें बोलत नाहीं. आणि त्यांच्या घरचें मूल रात्रभर रडलें, तर सकाळीं त्याबद्दल कुरकुरत नाहीं. ह्या दोन गोष्टी मिळून शेजारधर्म पुरा होतो: आपला उपद्रव दुसऱ्यास होऊं नये, आणि दुसऱ्याचा थोडाबहुत उपद्रव आपणांस सोसतां यावा. विजेवर चालणाऱ्या यंत्रांनाही हाच धर्म लागू आहे, तो मोजण्याच्या प्रयोगशाळा आहेत, आणि त्याच्या मर्यादा आंकड्यांत लिहून ठेविलेल्या आहेत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. इंजिनियर लोक तिला विद्युत्-चुंबकीय सुसंगति म्हणतात. नांव अवजड आहे. पण तिच्या अभावीं एकत्र कुटुंबांत काय घडतें तें मीं आमच्या घरीं पाहिलें, म्हणून हा लेख.

आमचें घर मूल येथें आहे. चंद्रपुराहून गडचिरोलीकडे निघालें म्हणजे सुमारें ४५ किलोमीटरांवर हें गांव लागतें. मागेंपुढें जंगलाचा मुलूख. भोंवतीं भाताचीं शेतें. घरांत तीन पिढ्यांचीं नऊ माणसें राहतात. सर्वांत वडील माझे काका; वय ८४. काचबिंदूनें त्यांची दृष्टि गेली त्यास बरींच वर्षें झालीं. वर्तमानपत्र सुटलें, पोथी सुटली, पत्रव्यवहार सुटला, आणि रेडिओ तेवढा राहिला. चंद्रपूर आकाशवाणीची लहर मूलपर्यंत येतां येतां मंद होते. तरी माजघराच्या एका ठराविक कोनाड्यांत, कांडी एका ठराविक दिशेस कलती ठेवली, म्हणजे काकांस ती स्वच्छ ऐकूं येई. त्या भिंतीपलीकडे माझ्या धाकट्या भावाची खोली. भावजय नागपूरच्या एका कचेरीचे हिशेब घरीं बसून करते. दिवसभर घरकाम, म्हणून तिची कामाची वेळ संध्याकाळीं सहा ते नऊ. तिनें संगणक सुरू केला कीं काकांच्या रेडिओंत खरखर सुरू होई, आणि नेमक्या बातम्यांच्या वेळींच शब्द बुडून जात.

आरंभीं कोणी कांहीं बोललें नाहीं. मग काकू म्हणाल्या, ‘अगं, तुझें तें यंत्र जरा उशिरां लावत जा ना. त्यांना दुसरें आहे काय ?’ भावजय म्हणाली, ‘बरं, काकू.’ आणि ती रात्रीं दहानंतर कामास बसूं लागली. पहाटे पांचला उठणारी बाई ती. महिन्याभरांत तिचे डोळे खोल गेले. एके दिवशीं ती माझ्या पत्नीस म्हणाली, ‘वहिनी, हें काम आतां सोडून द्यावें म्हणतें.’ तिच्या मिळकतीवर मुलाचें नागपूरचें शिक्षण चाललें होतें. ही वार्ता काकांच्या कानीं गेली, तेव्हां त्यांनीं रेडिओच बंद करून ठेवला. म्हणाले, ‘मला काय करायचा आहे ? पोरीचें काम जाऊं नये.’ दोघेंही चांगलीं, दोघांचाही दोष नाहीं, आणि तरीही दोघांपैकीं एकानें कांहीं तरी गमवावयाचें, अशी ती स्थिति होती.

मी त्या वैशाखांत निवृत्त होऊन घरीं आलों. माझा उभा जन्म विजेच्या कामांत गेला असल्यामुळें हें प्रकरण साहजिकच माझ्याकडे आलें. पहिल्याच दिवशीं एक गोष्ट आढळली. संगणकाच्या लोखंडी पेटीस हात लावला कीं बोटांस मुंग्या येत. घरांतील मंडळींस तें संवयीचें झालें होतें. ह्याचें कारण असें: संगणकाच्या आंत वीज घेण्याच्या जागीं एक गाळणी असते. आंतील जलद प्रवाहांची घाण ती तिसऱ्या पिनेवाटे जमिनीकडे लोटून देते. ही वाट मध्येंच तुटलेली असली, तर पेटी २३० व्होल्टांच्या जवळजवळ निम्म्या दाबावर तरंगत राहते. प्रवाह अगदीं थोडा असतो, म्हणून मुंग्यांवरच भागतें. पण आंतील एखादी तार सुटून पेटीस चिकटली, तर तीच पेटी जीव घेते.

अंगणांतील अर्थिंगचा खड्डा उकरला. नळीस तार बांधणारी पट्टी गंजून गळून पडली होती. अशा खड्ड्यांत कोळसा व मीठ घालतात, तें ओल धरून ठेवण्याकरितां. पण मिठानेंच लोखंड खाल्लें जातें, हें कोणी लक्षांत घेत नाहीं. आमच्या जिल्ह्यांत तर ह्या खड्ड्याकडे अधिकच पाहावयास हवें. वरोऱ्याकडची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते. आमच्या बाजूची भाताची जमीन श्रावणांत चिखल असते आणि वैशाखांत विटेसारखी होते. चंद्रपूरचा पारा तर ४७ अंशांपलीकडेही गेलेला आहे. ओल्या मातीचा अडथळा ५ ओहम असेल, तर दोष उद्भवतांच २३० व्होल्टांनीं ४६ अँपियर प्रवाह वाहतो आणि फ्यूज तत्काळ उडतो. माती वाळून तोच अडथळा १०० ओहम झाला, म्हणजे प्रवाह अवघा २.३ अँपियर, फ्यूज शांत राहतो आणि पेटी मात्र जिवंत. म्हणून उन्हाळ्यांत खड्ड्यांत पाणी घालणें हा केवळ वायरमनचा हट्ट नव्हे. आम्हीं पट्टी बदलली, पाणी घातलें, आणि मुंग्या त्याच संध्याकाळीं थांबल्या.

खरखर मात्र जशीच्या तशी राहिली. वायरमन म्हणाला, ‘साहेब, आणखी मीठ टाकूं.’ हा समज सर्वत्र आहे, आणि चुकीचा आहे. पृथ्वी प्रवाह वाहून नेते हें खरें. जर्मनींत श्टाइनहाइल यानें १८३८ सालीं तारायंत्राची परतीची तार काढून टाकून तें काम जमिनीकडून करून घेतलें, आणि पुढें जगभर एकाच तारेवर संदेश धांवूं लागले. आमच्याच जिल्ह्यांत ह्याचें थोरलें उदाहरण आहे. चंद्रपुराहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश विजेची वाहिनी १९९९ सालीं सुरू झाली. लांबी सुमारें ७५० किलोमीटर, क्षमता १५०० मेगावॅट. तिच्या दोन वाहकांपैकीं एक बंद पडला, तर दुसऱ्याचा प्रवाह कांहीं काळ जमिनींतून परत आणण्याची त्यांत सोय आहे; आणि तो प्रवाह १५०० अँपियरपर्यंत असूं शकतो. महाराष्ट्राची सारी रुंदी ओलांडून भूमि तो भार वाहते. मग माजघरांतील खरखर तिला कां वाहून नेतां येऊं नये ?

ह्याचें उत्तर वेगांत आहे. एकदिश प्रवाहास तारेची जाडी पुरते. जलद प्रवाहास तारेची लांबी नडते. एक मीटर सरळ तार घेतली तर तिचा घरच्या विजेस, म्हणजे सेकंदास ५० आवर्तनांस, होणारा अडथळा नगण्य असतो. पण आपले एफ. एम. रेडिओ जेथें बोलतात, त्या सेकंदास १० कोटि आवर्तनांस, तीच एक मीटर तार सुमारें ६०० ओहमांचा अडथळा करते. अंगणांतील खड्डा खोलीपासून दहा मीटरांवर. तेव्हां मुंग्यांकरितां तो खड्डा हाताशीं होता. खरखरीच्या दृष्टीनें तो असून नसल्यासारखा होता. त्यांत पोतेंभर मीठ ओतलें असतें तरी रेडिओस त्याचा पत्ता लागला नसता.

मग मीं काकांस रेडिओ लावून बसविलें आणि भावजयीस नेहमींचें काम करावयास सांगितलें. दृष्टि गेलेल्या माणसाचा कान किती तयार असतो हें मला त्या दिवशीं कळलें. काका म्हणाले, ‘सूनबाई, आतां तूं काय केलेंस ? आवाज बदलला.’ ती म्हणाली, ‘काका, मी पान वर सरकवलें.’ पडद्यावर आंकड्यांचे रकाने असले तर खरखर एक तऱ्हेची, पांढरी रिकामी चौकट असली तर दुसऱ्या तऱ्हेची. म्हणजे रेडिओ चक्क पडदा ऐकत होता. हा कांहीं भ्रम नव्हे. व्हिम व्हॅन एक ह्या डच संशोधकानें १९८५ सालीं असें दाखविलें कीं पडद्यावरील मजकूर त्याच्यापासून निघणाऱ्या लहरी पकडून दूर अंतरावर वाचतां येतो. पडद्यावरचें चित्र रेघारेघांनीं काढलें जातें. भावजयीच्या पडद्यावर सेकंदास सुमारें ४८ हजार रेघा निघत होत्या. त्यामुळें उपद्रव कंगव्याच्या दातांसारखा, दर ४८ हजार आवर्तनांवर एक, असा साऱ्या पट्ट्यांत पसरतो. कोणतेंही केंद्र लावा, दोनचार दांत त्यावर यावयाचेच.

संगणकाकडून पडद्याकडे जाणारी चित्राची केबल काढून घेतली आणि खरखर बहुतांशीं निवाली. ती केबल मूळ पडद्याबरोबर आलेली नव्हती. मूळची उंदरांनीं कुरतडली, म्हणून बाजारांतून दुसरी आणलेली होती. तिचें टोंक मीं चाकूनें उघडून पाहिलें. चांगल्या केबलींत आंतील बारीक तारांभोंवतीं धातूचें विणलेलें कवच असतें. चित्राचा संदेश आंतून जातो व त्याची परतीची वाट त्या कवचाच्या आंतील पृष्ठावरून असते. दोन्ही प्रवाह समान आणि उलट, म्हणून बाहेर त्यांचा आवाज होत नाहीं. पण हें घडावयास कवचाचा गोल कांठ जोडाच्या धातूच्या टोपणास सगळीकडून चिकटलेला पाहिजे. ह्या केबलींत कवच पिळून त्याची तीनएक सेंटिमीटरांची बारीक शेपटी केली होती आणि ती एका टांक्यानें लाविली होती. मोजणीच्या साध्या यंत्रानें पाहिलें तर जोड निर्दोष, अडथळा शून्यवत्. पण दर सेंटिमीटरास सुमारें ६ ओहम ह्या हिशेबानें दहा कोटि आवर्तनांस त्या शेपटीचा अडथळा १८-१९ ओहम होतो. परतणारा प्रवाह तेथें अडतो, वाट चुकतो, आणि त्यांतला थोडासा कवचाच्या बाहेरील अंगावरून वाहूं लागतो. त्या क्षणीं साऱ्या केबलीची आकाशकांडी बनते.

हा चुकार प्रवाह किती असतो ? मीटरभर केबलींत, सेकंदास ५ कोटि आवर्तनांचा, अवघा ५ मायक्रोअँपियर प्रवाह असा वाहिला, तरी घरगुती यंत्राची कायदेशीर मर्यादा गांठली जाते. नऊ वॅटच्या दिव्यांतून जो प्रवाह जातो त्याचा हा सुमारें आठ-हजारावा हिस्सा होय. चार दिवसांनीं नागपुराहून पूर्ण कवचाची आणि दोन्ही टोंकांजवळ फेराइटची गांठ असलेली केबल आणविली. ही काळी गांठ पुष्कळांनीं पाहिली असेल आणि ती शोभेची समजली असेल. तिच्यांतून जाणारे समान-उलट प्रवाह तिला जाणवतही नाहींत. साऱ्या केबलीवरून एकाच दिशेस जाणाऱ्या चुकार प्रवाहास मात्र ती आडवी येते. ती केबल लावली, टोपणाचे दोन्ही स्क्रू आंवळले, आणि भिंतीच्या एका बाजूस हिशेब व दुसऱ्या बाजूस बातम्या एकाच वेळीं सुरू झाल्या. भावजयीनें काम सोडलें नाहीं. खर्च एका जेवणावळीच्या पत्रावळींहूनही कमी आला.

आतां ह्या यंत्रांची परीक्षा कशी घेतात तें सांगतों. तिचा उगम रेडिओ ऐकणाऱ्यांच्या तक्रारींतच आहे. रेडिओ घरोघर पोंचला आणि ट्राम, मोटारी व विजेचे पंखे त्यांत खरखर करूं लागले, तेव्हां १९३४ सालीं पॅरिस येथें एक आंतरराष्ट्रीय समिति स्थापन झाली. ‘सिस्प्र’ हें तिचें संक्षिप्त नांव. पुढें घरगुती संगणक आले. अमेरिकेनें १९७९ सालीं त्यांच्या उपद्रवावर मर्यादा घातल्या, आणि टी. आर. एस. ८० ह्या फार खपलेल्या संगणकाचा पहिला नमुना त्या मर्यादांत बसेना म्हणून १९८१ च्या आरंभीं बंद करावा लागला. सिस्प्रचें संगणकांसाठींचें मानक १९८५ सालीं निघालें. २०१२ सालीं त्याच्या जागीं नवें आलें. आपल्याकडे मुंबईची, १९८४ सालीं स्थापन झालेली ‘समीर’ ही सरकारी संस्था अशा चांचण्या करते.

चांचणीची खोली लहरी शोषून घेणाऱ्या सुळक्यांनीं मढविलेली असते. संगणकाचा पडदा ८० सेंटिमीटर उंच, धातू नसलेल्या टेबलावर मांडतात; टेबल हळूहळू गोल फिरतें. समोर ३ किंवा १० मीटरांवर कांडी असते. ती १ मीटरापासून ४ मीटरांपर्यंत वर चढते, कधीं आडवी, कधीं उभी. जुन्या मानकाप्रमाणें पडदाभर रोमन लिपींतील ‘एच्’ हें अक्षर भरून तें सरकत ठेवीत, कारण त्यानें पडद्याचा गलबला वाढतो. मग ३ कोटि ते १०० कोटि आवर्तनांपर्यंत प्रत्येक ठिकाणीं ऐकून पाहतात. १० मीटरांवर, ह्या पट्ट्याच्या खालच्या भागांत, घरगुती यंत्राचा आवाज दर मीटरास सुमारें ३१ मायक्रोव्होल्टांहून अधिक भरतां कामा नये. ह्या परीक्षेंत पडद्याबरोबर त्याच्या केबलीही धरलेल्या असतात. पुष्कळ यंत्रें नापास होतात तीं केबलीच्या टोंकामुळें. पेटी कितीही उत्तम असो.

परीक्षेचा दुसरा भाग सहनशीलतेचा. त्याच यंत्रावर आतां बाहेरून दर मीटरास ३ व्होल्टांचें क्षेत्र सोडतात; ८००० व्होल्टांच्या ठिणग्या त्याच्या अंगावर टाकतात. एवढ्यानें त्यानें काम टाकतां उपयोगी नाहीं. ३१ मायक्रोव्होल्ट आणि ३ व्होल्ट ह्यांचें प्रमाण काढलें तर तें जवळजवळ लाखपट येतें. दहा मीटरांवर आपला जेवढा आवाज जाऊं द्यावयाचा, त्याच्या लाखपट दुसऱ्याचा आवाज आपल्या अंगावर सोसावयाचा, असा हा नियम आहे. सर्वच यंत्रें असें वागतील तर मध्यें भरपूर मोकळी जागा उरते आणि कोणाचेंच कोणास कळत नाहीं.

हा विचार किती दूर जातो हें पाहावयाचें असेल तर पुणें जिल्ह्यांत, नारायणगांवजवळ खोडद येथें जावें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखालीं तेथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ती जागा निवडतांना मनुष्यनिर्मित लहरींचा गलबला तेथें कमी आहे, ही गोष्ट मुद्दाम पाहिली गेली. दूरच्या आकाशगंगांचा आवाज एवढा क्षीण असतो कीं एखादा साधा संगणकही त्यापुढें ढोल ठरतो. म्हणून शास्त्रज्ञांस स्वतःचींच यंत्रें धातूनें मढविलेल्या खोल्यांत कोंडून ठेवावीं लागतात. विश्व ऐकणाऱ्यांनाही आरंभ आपल्या घरच्या केबलीपासून करावा लागतो.

आपल्या देशांत २०१२ च्या आदेशानें संगणकाशीं संबंधित अनेक वस्तूंची नोंदणी सक्तीची झाली. ती तपासणी मुख्यतः विजेचा धक्का व आग यांपासून सुरक्षिततेची आहे. शेजारधर्माची परीक्षा पडद्यानें दिली असली, तरी ती आपल्या केबलीनिशीं दिलेली असते. केबल बदलली कीं त्या दाखल्याचा आधार गेला. म्हणून गृहस्थानें चार गोष्टी पाहाव्या. केबल घेतांना टोपण धातूचें आहे ना, तिजवर फेराइटची गांठ आहे ना, तें पाहावें, आणि बसविल्यावर स्क्रू पुरते आंवळावे. संगणक व पडदा एकाच पाटीवर लावावे. दोन खोल्यांतील दोन अर्थिंगांवर लावले तर त्यांतील फरकाचा प्रवाह केबलीच्या कवचांतून वाहतो आणि जुन्या धाटणीच्या पडद्यांवर आडवे पट्टे सरकूं लागतात. तिसरी पिन कापूं नये. आणि पावसाळ्यापूर्वीं एकदां खड्ड्याची पट्टी उघडून पाहावी, व ३० मिलिअँपियरला तुटणारा संरक्षक स्विच घरांत बसवून घ्यावा.

मला ह्या मानकांतील एक गोष्ट फार आवडते. त्यांतील दोन्ही कलमें प्रत्येक यंत्रास सारखींच लागू आहेत. अमुक यंत्र थोरलें म्हणून त्यानें हवा तेवढा आवाज करावा, आणि अमुक धाकटें म्हणून त्यानें सर्व सोसावें, अशी सवलत त्यांत कोठें नाहीं. आमच्या कुटुंबांत मात्र हीं दोन कलमें बहुधा दोन निराळ्या माणसांस वाटून दिलेलीं असतात. आणि सोसण्याचें कलम कोणाच्या वांट्यास येतें हें वाचक भगिनींस सांगावयास नको. काकूंच्या मनांत दुष्टावा नव्हता. घरांत खरखर झाली कीं कोणी तरी गप्प बसावें, एवढाच उपाय त्यांस पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला होता. गप्प बसणारें माणूस मिळालें म्हणजे सांधा तपासावयाचें राहून जातें, आणि खरखर पुढच्या खोलींत जाते. सोशिकपणा हा गुण आहेच. परंतु तो मागण्यापूर्वीं एकदां चाकू घेऊन केबलीचें टोंक उघडून पाहावें, एवढी माझी वडील मंडळींस विनंती आहे.